‘कोणी?’ विचारणाऱ्या तानिमुरा-सान

डिसेंबर लागला की जपानमधल्या टपालपेट्यांत राखाडी कडेची पोस्टकार्डं यायला लागतात. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, ते घर नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही. आणि आम्ही पाठवणार नाही, तुम्हीही पाठवू नका, असं आधीच कळवून टाकतं. ओजिमाच्या आमच्या सरकारी वसाहतीत जिन्याखाली लोखंडी पेट्यांची रांग आहे. त्यातल्या आमच्या पेटीतून इराने असंच एक कार्ड काढलं. माझ्या लेकीला चित्रलिपी माझ्यापेक्षा झरझर वाचता येते. तिने ते जिन्यातच वाचलं, वर आली आणि मराठीत म्हणाली, "आई, तानिमुरा-सान गेल्या."

कार्ड त्यांच्या धाकट्या बहिणीचं होतं, शिकोकूहून आलेलं. छापील मजकुरात एवढंच, की थोरली बहीण शरद ऋतूत निवर्तली. खाली पेनाने एक ओळ होती: "ती तुमच्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीविषयी नेहमी सांगायची."

मी कार्ड ओट्यावर ठेवलं आणि कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

आमची ओळख झाली ती कंपनी तशी अवाढव्य. शाळांना घंटा आणि भोंगे पुरवणाऱ्या एका दुकानातून ती निघाली. पुढे रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही. मग गाण्यांच्या रेकॉर्ड, सिनेमे, व्हिडिओ गेम. आणि आता तर ती लोकांचे विमेसुद्धा उतरवते. मी तिथे पुण्याच्या आयटी कंपनीकडून कंत्राटावर गेले होते. तोयोसुच्या काचेच्या इमारतीत, पाण्याकडे तोंड करून बसणाऱ्या आमच्या टीममध्ये अर्धे मराठी, एक चतुर्थांश तेलुगू आणि उरलेले जपानी. कंपनीचा मोठा वाढदिवस जवळ येत होता. त्यानिमित्त जाडजूड इतिहास छापायचा होता आणि जुने फोटो, अंतर्गत मासिकं, ध्वनिफिती असं सगळं कॉम्प्युटरवर आणून शोधता येईल असं करायचं होतं. ते काम माझ्या गळ्यात पडलं. मला ‘इतिहास कक्षा’त बसायला जायचंय म्हटल्यावर टीममधल्या जपानी सहकाऱ्याने असा चेहरा केला, की मला वाटलं माझ्या हातून काहीतरी घडलंय.

कक्ष म्हणजे कंपनीच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, कॅन्टीनच्या कोठाराला लागून असलेली लांबट खोली. ज्यांना काढून टाकता येत नाही आणि काम देववत नाही, अशांना तिथे पाठवतात असा समज होता. तिथे एकच व्यक्ती होती. बुटकी, सडसडीत, कापसासारखे पांढरे केस कानापर्यंत कापलेले, आणि कोपरावर ठिगळ लावलेला निळा स्वेटर. त्या एका चौकोनी, बोजड यंत्रावरची धूळ मऊ फडक्याने पुसत होत्या.

"हा टेलिफोन आणि रेडिओ एकत्र होता," त्या मला म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "फोन आला की गाणं बंद व्हायचं. लोकांना ते आवडलं नाही. गाणं ऐकताना फोन उचलावासा वाटत नसे."

दर्शनी कपाटात अशीच सगळी पडेल मालाची वरात होती. न विकलेली, बाजारातून परत बोलावलेली, बाजारात गेलीच नाहीत अशी यंत्रं. नावाजलेल्या वस्तू मागे, अंधारात. मी विचारलं तर म्हणाल्या, "यशस्वी माल कुठेही बघायला मिळतो. यांना भेटायला मात्र माझ्याकडेच यावं लागतं."

मग त्यांनी माझं नाव विचारलं. मृणाल हे नाव जपानी जिभेला जड. त्यांनी ‘मुरिनारु’ असं करून बघितलं, स्वतःच नापसंतीने मान हलवली, आणि विचारलं, "आई काय म्हणते?"

"मनू."

"मग मनू-सान," त्या म्हणाल्या. सबंध जपानमध्ये मला त्या नावाने हाक मारणारी ती एकच बाई.

तानिमुरा-सान मूळच्या इंजिनिअर. ध्वनी विभागात त्या लागल्या तेव्हा तिथे बायका चहा द्यायला असत, आणि त्यांनाही पहिलं वर्ष चहाच द्यावा लागला. "चांगला व्हायचा नाही," त्या सांगत, "म्हणून मला मायक्रोफोन दिले." मायक्रोफोनांवरून पुढे अंतर्गत मासिकाच्या संपादनावर. मग निवृत्ती. आणि निवृत्तीनंतर दर मार्चला नूतनीकरण होणाऱ्या कंत्राटावर हा कक्ष. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फुनाबोरीला एकट्या राहत. गरम पाणी पीत, चहा नाही. शोधाशोध करताना कंपनीच्या जुन्या जाहिरातीतलं गाणं नाकातल्या नाकात गुणगुणत, आणि हवी ती वस्तू सापडली की गाणं अर्ध्यावर तोडत.

पण सबंध कंपनीत त्या ओळखल्या जात त्या एका प्रश्नासाठी. जपानी भाषेत वाक्याला कर्ता नसला तरी कुणाचं अडत नाही. ‘गेलं’, ‘ठरलं’, ‘बंद झालं’. कोण गेलं, कोणी ठरवलं, ते समजून घ्यायचं. सगळ्या विभागांकडून इतिहासाचे कच्चे मसुदे येत, त्यात तर ओळीमागून ओळ असंच. ‘नव्या क्षेत्रात प्रवेश करण्यात आला.’ ‘विक्री थांबवण्यात आली.’ तानिमुरा-सान लाल पेन्सिल घेऊन बसत आणि अशा प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर लिहीत: ‘दारे गा?’ म्हणजे, कोणी? मसुदे त्या पेन्सिलीने रक्ताळून परत जात. लोक त्यांना पाठीमागे ‘दारेगा-सान’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फोनवर कुणीतरी चुकून तोंडावरच म्हणालं, तर शांतपणे म्हणाल्या, "हो, बोलतेय."

मला हे सुरुवातीला हेकेखोरपणाचं वाटायचं. कंपनीचा इतिहास तो. निर्णय कंपनीचाच असणार. मग ते आमटीच्या डावाचं प्रकरण झालं.

मनोरंजनाच्या धंद्यात कंपनी कशी उतरली, त्याबद्दल मसुद्यात एकच वाक्य होतं: ‘टेपरेकॉर्डरच्या विक्रीला पूरक म्हणून ध्वनिमुद्रित संगीताच्या क्षेत्रात प्रवेश करण्यात आला.’ तानिमुरा-साननी लाल प्रश्न ओढला. संबंधित विभागाचे प्रमुख निशिदा-सान या पुस्तकाचेही प्रमुख होते. सौम्य, थकलेला, सतत दोन बाजूंच्या मध्ये उभा असलेला माणूस. त्यांनी कळवलं, त्या काळच्या विक्रीप्रमुखांनी. तानिमुरा-सानचं समाधान झालं नाही. विक्रीप्रमुख हयात नव्हते, पण त्यांच्या पत्नीला गाणं शिकवणाऱ्या बाई हयात होत्या, योकोहामाजवळच्या एका वृद्धाश्रमात. आम्ही दोघी गेलो.

जाताना स्टेशनवर त्यांनी त्या बाईंच्या माहेरच्या गावची मिठाई शोधून घेतली. कुणाकडेही जाताना त्या असंच करत. आणि समोरचं माणूस बसल्याशिवाय स्वतः बसत नसत. गाण्याच्या बाई चाकाच्या खुर्चीतच होत्या, तेव्हा प्रश्न आला नाही.

"सेत्सुकोनेच ते काढलं," बाई खुदकन हसून म्हणाल्या. सेत्सुको म्हणजे विक्रीप्रमुखांची बायको. "नवरा रोज रात्री जेवताना रडगाणं गायचा, यंत्र खपत नाही, यंत्र खपत नाही. ती म्हणाली, घेणाऱ्याने त्यावर ऐकायचं काय? तुझा आवाज? मग मला घेऊन गेली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, जेवणाची सुट्टी झाल्यावर. मी अंगाई गायले. सगळीकडे आमटीचा वास. शेवटच्या ओळीला आत कुणाच्या तरी हातून डाव पडला!"

"मग?" तानिमुरा-साननी विचारलं.

"मग काय, मी पुन्हा गायला तयार होते. सेत्सुको म्हणाली, राहू दे, घरातल्यासारखं वाटतं."

ती फीत आमच्याच कोठारात निघाली. मी ती यंत्रावर लावली. खरखर, मग पातळ, तरुण आवाजातली अंगाई. आणि शेवटी टण्ण करून काहीतरी पडलं, आणि त्यामागे कुणा बाईचं दाबलेलं हसू. तानिमुरा-साननी डोळे मिटून घेतले होते. "ही सेत्सुको-सान," त्या हळूच म्हणाल्या. कंपनीच्या कोणत्याही दप्तरात त्या बाईचं नाव असणं शक्य नव्हतं. ती तिथे नोकरीलाच नव्हती. पुस्तकात मात्र आता वाक्य असं आहे, की सेत्सुको नावाच्या एका गृहिणीने आपल्या नवऱ्याला विचारलं, आणि त्यातून कंपनीची पहिली रेकॉर्ड निघाली. निशिदा-सानना ते इतकं आवडलं, की त्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं.

त्या दिवाळीला मी त्यांना घरी बोलावलं. फराळाचं ताट समोर ठेवलं तर त्यांनी आधी प्रत्येक पदार्थ कानाशी नेऊन मोडला. चकलीच्या आवाजाला पहिला नंबर दिला. इरा तेव्हा तिसरीत होती. मी मराठीत बोलायचे आणि ती जपानीत उत्तर द्यायची, हा आमच्या घरचा रोजचा प्रकार. मी रागवायचे, ती आणखी कमी बोलायची. त्या दिवशीही मी "पाणी आण गं" म्हटलं आणि ती जपानीत काहीतरी पुटपुटली.

तानिमुरा-साननी तिला विचारलं, "इरा-चान, तू मला मराठी शिकवशील? मला तुझ्या आईशी बोलायचंय."

"तुम्ही तर बोलताच की," इरा म्हणाली.

"ते ऑफिसमधलं. ते वेगळं."

इराने क्षणभर विचार केला, आणि वही नाही, पेन्सिल नाही, सरळ ‘मी’पासून सुरुवात केली. मी जाते. मी खाते. तानिमुरा-सान विद्यार्थिनीसारख्या गुडघे मोडून बसल्या होत्या. बाई असेल तर ‘जाते’ आणि पुरुष असेल तर ‘जातो’ हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्या भाषेत करणाऱ्याला लपताच येत नाही! क्रियापदच चुगली करतं!"

मला राहवलं नाही. मी त्यांना ‘करण्यात आले’ समजावून सांगितलं. सरकारी पाट्या, नोटिसा, पेपरातल्या बातम्या. ‘पाणीपुरवठा बंद करण्यात आला आहे.’ ‘झाडे तोडण्यात आली.’ तानिमुरा-सान ऐकत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सगळीकडचे सारखेच!" त्या म्हणत होत्या. "सगळीकडचेच!"

तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी त्या यायच्या. त्यांना शिकवायचं म्हणून इरा आदल्या दिवशी माझ्या मागे मागे फिरून शब्द विचारायची. ‘लोणी’ आणि ‘तूप’ यात फरक काय, ‘रुसणं’ जपानीत कसं सांगायचं. मी इतकी वर्षं रागावून जे झालं नव्हतं, ते असं होऊन गेलं. शेंगदाण्याची चटणी त्या गरम भातावर घालून खात आणि उरलेली डब्यातून घरी नेत. डबा परत देताना तो कधी रिकामा नसे.

आता ते कारखान्याचं.

उत्तरेकडे सफरचंदांच्या मुलखात कंपनीचा टेपरेकॉर्डरचा कारखाना होता. गावातल्या निम्म्याहून जास्त बायका तिथे कामाला, आणि बरेचसे पुरुषही. एके वर्षी तो बंद झाला आणि काम परदेशी गेलं. आता तिथे एका सुपरमार्केटचं पार्किंग आहे. मसुद्यात लिहिलं होतं: ‘उत्पादनव्यवस्थेची पुनर्रचना करण्यात आली.’

लाल पेन्सिल. दारे गा?

या वेळी निशिदा-सान स्वतः तळमजल्यावर उतरून आले. दार लावून घेतलं. मी उठायला लागले तर तानिमुरा-सान म्हणाल्या, "मनू-सान, बसा."

"तो संचालक मंडळाचा निर्णय होता," निशिदा-सान म्हणाले.

"मंडळात कोणी मांडला?"

"तानिमुरा-सान, हे वाढदिवसाचं पुस्तक आहे."

"वाढदिवसाला वय खरंच सांगावं लागतं."

निशिदा-सान जमिनीकडे बघत म्हणाले, "मार्चमध्ये तुमच्या नूतनीकरणाचा कागद माझ्याकडून वर जातो. मला तो पाठवायचाय. मला अवघड करू नका." त्यात धमकी नव्हती, विनवणी होती, आणि म्हणूनच ऐकायला जास्त वाईट वाटलं.

तानिमुरा-सान उठल्या आणि त्यांना वाकून नमस्कार केला. "तुम्हाला त्रास होतो त्याबद्दल क्षमा करा," त्या म्हणाल्या. मसुद्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. ते गेल्यावर मी म्हटलं, "एका वाक्यासाठी?" त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "तिथल्या बायका आमच्या मासिकाला पत्र पाठवायच्या," त्या म्हणाल्या. "कुणाला मूल झालं, कुणाचं शेत बहरलं. मी दर महिन्याला छापायचे. कारखाना बंद झाल्यावर पत्रं थांबली. मी वाट बघत राहिले."

पुढच्या आठवड्यात आम्ही ओकाझाकी-सानकडे गेलो. ते त्या काळचे उत्पादनप्रमुख. पुढे वरच्या पदावर जाऊन निवृत्त झालेले, आता कंपनीचे मानद सल्लागार. पुस्तकाचं शेवटचं प्रूफ त्यांच्या नजरेखालून जाणार होतं. डोंगरउतारावरचं टुमदार घर. सूनबाईंनी चहा आणून ठेवला. ओकाझाकी-सान खिडकीशी खुर्चीत बसलेले, कृश झालेले, कानात श्रवणयंत्र. तानिमुरा-साननी मिठाईचा डबा पुढे केला आणि मग मसुद्यातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं.

"बरोबर आहे," ओकाझाकी-सान म्हणाले.

"कोणी केली?"

"मंडळाने."

"मंडळासमोर कोणी मांडलं?"

ते बाहेर बघत राहिले. सूनबाईंचा चेहरा ताठरला. मला तर वाटत होतं, आता उठून माफी मागावी आणि निघावं. पण तानिमुरा-सान घाई करत नव्हत्या. हातातला जुना टेपरेकॉर्डर त्यांनी अजून सुरूही केला नव्हता.

"मी," ओकाझाकी-सान म्हणाले. आणि मग, कुणी न विचारता, "मला वाटलं होतं कधीतरी कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. सगळे मला जपत होते."

तानिमुरा-साननी चहाचा पेला त्यांच्या हाताजवळ सरकवला.

"सांगायला मी जायला हवं होतं. गेलो नाही. एका तरुण मॅनेजरला पाठवलं. माझी पाठ दुखतेय म्हणून सांगितलं." श्रवणयंत्र नीट करत ते पुढे म्हणाले, "पाठ दुखत नव्हती. हे पुस्तकात येईल?"

"निर्णयाचं येईल, तुम्ही परवानगी दिलीत तर. पाठीचं नाही."

"दोन्ही घाला."

"पाठीचं पुस्तकात नको," तानिमुरा-सान म्हणाल्या. किती मऊ आवाज होता तो. "ते त्यांना सांगायचं. तुम्ही."

"मला आता प्रवास झेपत नाही."

तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर त्यांच्या पुढ्यात ठेवला. सूनबाई उठून आत गेल्या. जाताना त्यांनी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला.

फेब्रुवारीत आम्ही उत्तरेला गेलो. रजा टाकून, स्वतःच्या तिकिटाने. गावच्या सभागृहात रॉकेलचा मोठा शेगडीवजा हीटर होता आणि त्याभोवती पंधरा-वीस म्हाताऱ्या. चियो-सान नावाच्या बाईंनी सगळ्यांना गोळा केलं होतं. कारखान्यात त्या एका रांगेच्या मुकादम होत्या आणि अजूनही सगळ्या त्यांचंच ऐकत होत्या. तानिमुरा-साननी फार काही सांगितलं नाही. कारखाना बंद करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी तुमच्यासाठी काही बोलून दिलंय, एवढंच. आणि बटण दाबलं.

थरथरता आवाज खोलीभर पसरला. नाव, पद, निर्णय माझा होता. मी यायला हवं होतं, मी आलो नाही. पाठीचं खोटं सांगितलं. आणि शेवटी, ‘क्षमा करा’.

एक बाई उठल्या. उंच, ताठ. "त्यांचं ओझं उतरलं," त्या म्हणाल्या. "माझा नवरा रस्त्याच्या कामावर परमुलखात राहिला, पोरं मोठी झाली ती त्याने फोटोत बघितली. ते ओझं कुणी उतरवायचं?" आणि कोट घेऊन बाहेर पडल्या. बाहेर बर्फ पडत होता. तानिमुरा-सान कोट न घालताच त्यांच्या मागे गेल्या. काचेतून मला दिसत होतं. त्या समजूत काढत नव्हत्या, काही बोलतही नव्हत्या. नुसत्या बाजूला उभ्या होत्या. पुष्कळ वेळाने त्या बाई चालायला लागल्या, तेव्हा तानिमुरा-साननी त्यांच्या पाठीला वाकून नमस्कार केला. आत आल्या तेव्हा पांढऱ्या केसांवर बर्फ होता, आणि तो वितळून चेहऱ्यावर ओघळत होता. "यांचंही लिहायचं," त्या मला म्हणाल्या.

चियो-सान इतका वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. आता त्यांनी डोकं वर केलं.

"आवाज फार बारीक झालाय हो," त्या म्हणाल्या. "जेवतात का नीट?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी डोळ्याला रुमाल लावला. निघताना चियो-साननी सफरचंदांची पेटी आणून दिली. "त्यांना म्हणावं, किसून खा. दात नसतील आता." तानिमुरा-साननी ती पेटी सबंध प्रवासभर मांडीवर धरून ठेवली. वर ठेवू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाल्या.

पुढे व्हायचं ते झालं. वरून आक्षेप आले, आणि ओकाझाकी-सानचा फोन त्याहून वर गेला. आम्ही लिहिलेलं चार पानांचं प्रकरण एका पानाचं झालं; पण त्या पानावर वाक्याला कर्ता आहे, नाव-आडनावासकट. आणि शेवटी अजून एक वाक्य आहे, की ज्यांचं काम गेलं त्या सर्वांनी ही क्षमायाचना स्वीकारली असं नाही. निशिदा-साननी ते वाक्य वाचवण्यासाठी बैठकीत जे भांडण केलं, ते त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. मार्चमधला कागदही त्यांनी वर पाठवला. तो मंजूर झाला नाही.

पुस्तक उन्हाळ्याच्या तोंडावर निघालं. छपाईच्या दिवशी जे नोकरीत नव्हते त्यांची नावं संपादकांत द्यायची नाहीत, असा नियम होता. शेवटच्या पानावर छापलंय, ‘प्रस्तुत ग्रंथाचे संपादन इतिहास कक्षातर्फे करण्यात आले.’ मी ते वाचून संतापले आणि त्यांना फोन लावला. त्या हसायला लागल्या, त्या दिवाळीच्या दिवशी हसल्या होत्या तशा. "सगळीकडचेच, मनू-सान," म्हणाल्या. माझ्या प्रतीत मी त्या ओळीखाली त्यांचं नाव लिहून ठेवलंय. आजाराची चाहूल त्यांना तेव्हाच लागली असावी. मला त्यांनी कळू दिलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी त्या शिकोकूला बहिणीकडे गेल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, एप्रिलमध्ये, नोकरी संपल्यावर आठवड्याभरात. फुनाबोरीजवळ शिनकावा नावाचा कालवा आहे, दोन्ही काठांना चेरीची झाडं. मी आणि इरा सायकलींवरून चाललो होतो. फुलं गळायला लागली होती, पाण्यावर गुलाबी साय धरल्यासारखी दिसत होती. पलीकडच्या काठावर लोक चटया टाकून बसले होते आणि त्यांच्यात, एका बाकावर, तानिमुरा-सान. बूट काढून शेजारी ठेवलेले. पाय लांब केलेले. हातात काही नाही, मांडीवर काही नाही. तोंड उन्हाकडे.

"आई, हाक मारू?" इराने विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत तिने मारलीही.

त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे शोधलं, आणि आम्ही दिसलो. पूल लांब होता. मला वाटलं, त्या नेहमीसारख्या उठून वाकून नमस्कार करतील. पण त्या तशाच मोज्यांनी बाकावर उभ्या राहिल्या, दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले आणि मोठ्याने, आजूबाजूचे सगळे लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने, मराठीत ओरडल्या:

"मी आज काही करत नाही!"